उष्टं काढलं का?

आमच्या सरांना कुणी "जेवलात का?" असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नसत. "भात जेवलोय, भाकरी हाय अजून डब्यात, कालवण संपलं," असं पूर्ण उत्तर द्यायचे. विचारणारा तोवर पुढे निघून गेलेला असायचा. तो गेला याचं सरांना वाईट वाटत नसे, राग येत असे. "इचारलं कशाला मग," एवढंच म्हणायचे आणि डब्याचं झाकण लावायचे.

पिरंगुटच्या पुढे, रस्त्यालगत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पत्रे, पाइप आणि रंगाचे डबे, वर आम्ही. खाली हार्डवेअर आणि वर सॉफ्टवेअर, हा क्लासच्या मालकांचा एकुलता एक विनोद होता आणि प्रवेश घ्यायला आलेल्या प्रत्येक पालकाला तो ऐकावा लागे. हिंजवडी तिथून जवळ, त्यामुळे मालकांच्या पाटीवर नोकरीची हमी होती. सरांच्या तोंडी ती कधी आली नाही.

सर डोंगरावरच्या वाडीतले. सतरा घरांची वाडी, रस्ता अर्ध्यापर्यंत. त्या वाडीतून पुण्यात जाऊन कॉम्प्युटरची पदवी घेतलेला हा पहिला माणूस, आणि बहुतेक शेवटचा. पण भाषा वाडीचीच ठेवली होती. आम्ही पायथ्याच्या गावातली पोरं घरी "हाय" आणि "न्हाई" बोलायचो, पण क्लासच्या जिन्यात पाय ठेवला की "आहे" आणि "नाही" सुरू. सर जिना चढूनही तसेच राहायचे. आम्हाला त्यांची लाज वाटायची. आपल्या घरासारखं बोलणाऱ्या माणसाची लाज वाटावी, इतपत आमचं शिक्षण तेव्हा झालं होतं.

ते स्वतःचा कीबोर्ड घेऊन यायचे, पंच्यात गुंडाळून, पिशवीत घालून. क्लासच्या कीबोर्डना हात लावायचे नाहीत, आणि आपल्याला लावण्याआधी हात धुऊन यायचे. त्याची अक्षरं इतकी झिजली होती की नवखा माणूस त्यावर आपलं नावही लिहू शकला नसता. आमचा प्रोग्राम तयार झाला की सर आमचा कीबोर्ड काढून आपला जोडायचे, शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि परीक्षा घ्यायचे. या परीक्षेला ते "पंगत" म्हणायचे.

त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपण कीबोर्डवर दाबतो ते थेट प्रोग्रामच्या पोटात जात नाही. मध्ये एक जागा असते, तिथे ते सगळं ओळीने बसून राहतं. प्रोग्रामला आकडा हवा असेल, तर तो आकडा तेवढा उचलतो आणि बाकीचं तिथेच सोडतो. शेवटी दाबलेलं एंटरसुद्धा तिथेच पडून राहतं. मग पुढचा प्रश्न आला की प्रोग्राम तुमच्या उत्तराची वाट पाहत नाही, ते पडलेलंच उचलतो. तुम्ही बोटसुद्धा लावलेलं नसतं आणि तुमचं उत्तर नोंदलेलं असतं.

"पयली पंगत उठली," सर म्हणायचे, "पत्रावळी तशाच, आन त्याच्यावं दुसरी पंगत बसवली. कोन जेवंल? आदी उष्टं काढा."

त्यांचा उपाय सोपा होता आणि आम्हाला तो कंटाळवाणा वाटायचा. नुसता आकडा उचलू नका, माणसाने टाइप केलेली पूर्ण ओळ घ्या, एंटरपर्यंत. ती आधी पाहा. तिच्यात आकडाच असेल, तर आकडा करा. नसेल, तर परत विचारा. "मानूस बोलला ते समदं ऐकून घ्यायचं, मंग त्यातलं आपल्या कामाचं काढायचं." मालकांच्या पुस्तकात हेच काम एका ओळीत व्हायचं, सरांच्या पद्धतीने दहा ओळी लागायच्या. आम्ही वहीत सरांचं लिहायचो आणि कॉम्प्युटरवर पुस्तकातलं उतरवायचो. मग पंगतीला बसलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "उष्टं काढलं का?"

पोरं त्यांना मागे "उष्टे सर" म्हणायची. मीही म्हणायचे. नाव ठेवलं मीच होतं.

बाजाराच्या दिवशी सरांची आई वाडीवरून खाली यायची. करवंदं, कधी रानभाजी, पावसाळ्यात खेकडे असं काहीबाही विकून झालं की पाटी खाली दुकानात ठेवून ती वर क्लासमध्ये येऊन टेकायची. सर तिला चहा द्यायचे आणि तिच्याकडून आमचे प्रोग्राम तपासून घ्यायचे. ती शाळेत गेलेली नव्हती. सर प्रश्न वाचून दाखवायचे, ती उत्तर द्यायची आणि ती बोलेल ते सर जसंच्या तसं टाइप करायचे.

माझी पंगत मला शब्दाशब्दाने आठवते. प्रोग्राम साधा होता: नाव, वय, मुलं किती. सरांनी वय विचारलं. म्हातारीने छताकडे बघून हिशेब केला आणि सांगितलं, "लिव की साठ-पासष्ट." सरांनी साठ लिहिलं, मधली रेघ काढली, पासष्ट लिहिलं आणि एंटर दाबलं. माझ्या प्रोग्रामने साठ उचलले. रेघेपासून पुढचं तिथेच पडून राहिलं, आणि मुलं किती हा प्रश्न येताच प्रोग्रामने न थांबता ते उचललं. पडद्यावर आलं: वय साठ, मुलं उणे पासष्ट.

वर्ग हसत सुटला. म्हातारी सगळ्यांकडे बघत म्हणाली, "हसाया काय झालं?"

"आये," सर म्हणाले, "या पोरीच्या कॉम्प्युटरनं तुला उणे पासष्ट पोरं दिली."

"एक हाय त्योच लई हाय," म्हातारी म्हणाली आणि चहा प्यायली.

मी हसले नाही. माझी चूक होती हे मला कळलं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. कॉम्प्युटर शिकायला आलेल्या मुलीला करवंदं विकणाऱ्या बाईकडून नापास व्हावं लागतं, असं मी घरी जाऊन सांगितलं. "वय साठ-पासष्ट असं कुणी लिहितं का, आकडा लिहायचा असतो," असंही मी सांगितलं. घरच्यांना पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

सरांचा आणखी एक हट्ट होता. चुकीचं उत्तर आलं तर प्रोग्रामने "चुकीचं इनपुट" असं म्हणायला त्यांची बंदी होती. "त्यो चुकला न्हाई. तुला कळलं न्हाई. तसं लिव." म्हणून आमच्या सगळ्यांचे प्रोग्राम "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" असं म्हणायचे. एकदा मालकांनी कुणा ओळखीच्या कंपनीवाल्याला क्लास दाखवायला आणलं. तो ते वाचून इतका हसला की मालकांचा चेहरा उतरला. सरांचे दिवस तिथूनच भरले असणार.

सर पंगतीत पास करत नाहीत म्हणून माझं सर्टिफिकेट तीन महिने अडलं होतं. नेमकं तेव्हाच मालकांनी आमच्या, विद्यार्थ्यांच्या नावाने तक्रारीचा एक अर्ज टाइप करून ठेवला. सरांची भाषा अशुद्ध आहे, ते अभ्यासक्रमाबाहेरच्या गोष्टींत वेळ घालवतात, विद्यार्थ्यांची चेष्टा होते आणि ते आपल्या आईला वर्गात आणून बसवतात, असं त्यात होतं. एकही गोष्ट खोटी नव्हती. मालकांनी मला बोलावलं आणि माझं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, अर्जाच्या शेजारी. पेन पुढे केलं. पहिली सही माझी.

शेवटच्या दिवशी सरांनी पंच्यात कीबोर्ड गुंडाळला, मालकांनी दिलेला अर्ज उभ्याउभ्या वाचला, घडी केली आणि खिशात घातला. माझ्याकडे बघून म्हणाले, "पंगत राहिली तुझी." मी म्हटलं, हो सर. खाली गेल्यावर दुकानदाराशी त्यांचं काहीतरी बोलणं झालं. त्याने बहुतेक "चाललात का?" असं विचारलं असावं, कारण उत्तर बराच वेळ चाललं होतं.

आज मी हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये नको ते टाइप करून ते कुठे कोसळतात हे बघायचं, हे माझं काम. वयाच्या चौकटीत मी साठ-पासष्ट टाकते. मुलांच्या चौकटीत "दोन आणि एक पोटात" टाकते. टीममधले म्हणतात, हिला हे सुचतं कुठून. मला काहीच सुचत नाही. ते सगळं त्या मायलेकांचं आहे, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

या नोकरीपर्यंत मी कशी पोचले, हे सांगितल्याशिवाय सरांबद्दलचं सांगणं पुरं होत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं, पण नोकरीला अनुभव मागत होते. त्याच सुमारास आमच्या ग्रामपंचायतीत नळयोजनेची यादी करायची होती. घरात माणसं किती, नळ हवा का, सध्याचं पाणी किती मिनिटांवर, एवढंच. पंचायतीचा ऑपरेटर घरोघर फिरून कागदावर भरून आणणार होता. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना म्हटलं, मी प्रोग्राम लिहून देते, तो बेरजा करील, यादी काढील, तुम्ही मला अनुभवाचं पत्र द्या. भाऊसाहेब म्हणाले, दे बाई, आमचा त्रास वाचेल.

मी तो दोन दिवसांत लिहिला. पुस्तकातल्या पद्धतीने, एका ओळीत एक प्रश्न. उष्टं काढायचं मला आठवलं होतं, अगदीच विसरले नव्हते. पण मी ते दोन घरांच्या मध्ये काढलं, एक घर संपलं की सगळं साफ. प्रश्नांच्या मध्ये नुसतं एंटर तेवढं गाळलं, बाकी काही काढलं नाही. माणसं किती याचं उत्तर आकडाच असणार, आकड्यात काय उष्टं राहायचंय, असा माझा विचार होता. आणि नळ हवा का, याला "ह" नसेल तर सरळ नाही.

गावातली घरं नीट भरली गेली. पाच, चार, सहा. सरांची वाडीही आमच्याच पंचायतीत; तिचे कागद भरायला बसल्यावर ऑपरेटरने मला मुद्दाम फोन केला. म्हणाला, "तुजा प्रोग्राम लई हुशार हाय. वाडीचं एक उत्तर टाकलं की पुढची दोन त्योच भरतोय आन नोंद झाली म्हनतोय. पटापट उरकलं."

तिथेच मी थांबायला हवं होतं. प्रोग्राम न विचारता उत्तरं भरतो म्हणजे काय, हे तालुक्यात ज्या मोजक्या लोकांना ठाऊक होतं त्यांतली मी एक होते. पण मुलाखत चार दिवसांवर होती आणि पत्रावर सही व्हायची होती. मी म्हटलं, "हो, तो हुशारच आहे." यादी पौडला तालुक्याच्या कचेरीत गेली, पत्र मला मिळालं आणि मी हिंजवडीला लागले.

वर्ष-दीड वर्षाने, काही दाखला काढायला मी पंचायतीत गेले होते. भाऊसाहेबांच्या टेबलासमोर सरांची आई उभी होती. पाइप वाडीच्या पायथ्यापर्यंत येऊन थांबला होता. ती विचारायला आली होती की वर कधी येणार. भाऊसाहेबांनी यादी काढून तिच्यासमोर धरली, तिला वाचता येत नाही हे माहीत असून. वाडीतल्या सतरापैकी चौदा घरांनी नळ नको म्हटलंय, पाणी तुम्हाला एक-दोन मिनिटांवर आहे, तीन घरांसाठी डोंगरावर पाइप चढवता येत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं.

म्हातारी चिडली नाही. तिला ते खरंच समजत नव्हतं. "आमी कवा नगं म्हनलो?" ती म्हणाली. "झऱ्यावं खेपा घालन्यात आर्दा दीस जातुया. आमी कशाला नगं म्हनू?"

मी यादी हातात घेतली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: माणसं एक, नळ नको, पाणी एका मिनिटावर. मी ऑपरेटरकडून मूळ कागद मागवले. तिच्या कागदावर माणसांच्या रकान्यात लिहिलं होतं, "१+१". खाली नळ हवा, पाणी चाळीस मिनिटं. सगळं बरोबर. चौदाही कागदांवर तसंच. तीन अधिक दोन, चार अधिक एक. कुणी वीटभट्टीवर, कुणी सोसायटीत कामाला, वाडीत घर कधी पुरं नसतंच, आणि ऑपरेटरने इमानाने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रामने पहिला आकडा उचलला. अधिकचं चिन्ह नळाच्या प्रश्नाला गेलं. ते "ह" नव्हतं, म्हणून नळ नको. उरलेला आकडा पाण्याच्या मिनिटांना गेला. त्यानंतर मी मोठ्या हुशारीने उष्टं काढलं होतं.

"आजी," मी विचारलं, "हे एक अधिक एक कोण?"

"एक मी," ती म्हणाली, "आन एक त्यो. तिकडं सुसला वाचमन हाय. शनवारी येतो, आयतवारी जातो. त्याला घरात धरायचा का न्हाई ते त्या लिवनाऱ्याला कळंना. म्या म्हनलं, धर की."

त्या अधिकामुळे पाणी अडलं, एवढं मी तिला सांगितलं. सरांची क्लासमधली नोकरी सुटली नसती तर ते रोज संध्याकाळी वाडीवर आले असते, आणि कागदावर नुसता दोनचा आकडा असता. अधिकचं ते चिन्ह मीच घातलं होतं, अर्जाखाली सही करताना.

मी पुण्याच्या कडेला, सुसला गेले. मोठी सोसायटी, फाटकाशी केबिन, निळ्या कपड्यात सर. येणाऱ्याची नोंद आता वहीत होत नाही, एका टॅबवर होते आणि कामाच्या रकान्यात तीनच पर्याय असतात. एका बाईंना ते विचारत होते, पाहुण्या म्हणून आलाय का कामासाठी, आणि त्या म्हणत होत्या, बहिणीकडे आलेय पण तिचा स्वयंपाक करायला. सर कुठला पर्याय दाबावा या विवंचनेत होते, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तिथेही त्यांच्याविरुद्ध तक्रारी गेल्या आहेत, हे मला न सांगता कळलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माझं संपल्यावरही थोडं थांबले, काही राहिलंय का ते बघायला.

"उष्टं काढलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"दोन घरांच्या मध्ये काढलं होतं, सर."

"आन प्रश्नांच्या मदी?"

मी म्हटलं, "त्या अर्जावर—"

"तुजी सही पयली व्हती," सर म्हणाले. "मी समदा वाचला त्यो. आदी पान्याचं बघ."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रजा घेतली. प्रोग्राम पुन्हा लिहिला, सरांच्या पद्धतीने, प्रत्येक प्रश्नाला पूर्ण ओळ, आधी ऐकायचं, मग तपासायचं, कळलं नाही तर तसं म्हणायचं. एक अधिक एक लिहिलं तर तो दोन धरतो. भाऊसाहेबांच्या मागे लागून वाडीची यादी नव्याने करायची परवानगी मिळवली, आणि शनिवारी लॅपटॉप घेऊन स्वतः डोंगर चढले. झऱ्यापासून वाडीपर्यंतची चाळीस मिनिटं कागदावर वाचणं आणि चढणं यात फरक आहे, एवढंच सांगते.

सर उंबऱ्यावर बसले होते. आत म्हातारी चुलीपाशी. मी तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

तिने सरांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाली, "एक."

"आजी, दोन सांगा. एक अधिक एक म्हणालात तरी चालेल. आता काही बिघडत नाही, मी सगळं नीट केलंय."

"नगं बाई," ती म्हणाली. "मागच्या टायमाला त्याला धरला तं पानी गेलं. एकच लिव."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी म्हणावं, आईला समजवावं, मला तरी बोलावं. त्यांनी मान वळवली नाही.

"ती बोलली तसं लिव," ते म्हणाले.

मी एक लिहिलं आणि एंटर दाबलं. प्रोग्रामने ते बिनबोभाट घेतलं, आणि उष्टं काहीच राहिलं नाही.